कोरियातले थोरात, डर्बनचे भारतीय आणि आपलं परराष्ट्र धोरण

15 ऑगस्ट जवळ आला की आपण स्वातंत्र्याबद्दल जे बोलतो ते जवळपास सगळं देशाच्या आतलं असतं. चळवळ, तुरुंग, फाळणी, संविधान. ते बोलायलाच हवं, प्रश्नच नाही. पण स्वतंत्र झालो म्हणजे जगात आपल्याला आपल्या तोंडाने बोलता यायला लागलं, हा भाग सहसा कुणी काढत नाही आणि मला गेली काही वर्षं नेमकं त्याच भागाने धरून ठेवलंय. शाळेत पंचशील आणि अलिप्ततावाद या दोन शब्दांवर चार मार्कांचं उत्तर लिहून आपण मोकळे झालो. त्या शब्दांमागे प्रत्यक्ष माणसं काय करत होती, कुठे थंडीत उभी होती, कुठे एका मताने जिंकत होती, हे कुणी सांगितलंच नाही.

सुरुवात 1947 च्या आधीपासून होते. 26 जून 1945 ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्या, तेव्हा भारतातर्फे सही करणारे होते रामस्वामी मुदलियार. म्हणजे भारत संस्थापक सदस्य झाला, पण ते शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने निवडलेलं होतं. त्याच दिवसांत विजयालक्ष्मी पंडित अमेरिकेत होत्या, अधिकृत पद काहीच नाही, आणि हे लोक भारताच्या जनतेचे प्रतिनिधी नाहीत असं त्या पत्रकारांना सांगत फिरत होत्या. पुढच्याच वर्षी त्याच विजयालक्ष्मी भारताच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून आमसभेत उभ्या राहिल्या. देश अजून स्वतंत्र झालेला नव्हता, दिल्लीत फक्त हंगामी सरकार आलं होतं.

आणि तिथे भारताने पहिला मोठा विषय कुठला घेतला? दक्षिण आफ्रिका. तिथल्या सरकारने 1946 मध्ये कायदा केला होता की नाताळ प्रांतात भारतीय वंशाच्या लोकांनी जमीन कुठे घ्यायची आणि राहायचं कुठे यावर बंधनं. डर्बनमध्ये त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, लोक तुरुंगात जायला लागले. भारताने जुलै 1946 मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, आपला हाय कमिशनर परत बोलावला. आपला तागाचा माल तिकडे जायचा तो बंद झाला, म्हणजे हा निर्णय फुकटातला नव्हता. देश दुष्काळातून आणि युद्धातून नुकताच बाहेर पडत होता, तेव्हा हातचं एक गिऱ्हाईक सोडून देणं ही साधी गोष्ट नाही.

आमसभेत समोर होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. म्हणजे तेच स्मट्स ज्यांच्याशी गांधीजींनी 1914 पर्यंत दक्षिण आफ्रिकेत झुंज दिली आणि समझोताही केला, आणि तेच स्मट्स ज्यांचा हात संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रास्ताविकात होता, मूलभूत मानवी हक्कांची भाषा आहे त्या प्रास्ताविकात. त्यांचं म्हणणं सरळ होतं की हा आमचा अंतर्गत मामला आहे, बाहेरच्यांनी बोलू नये. ब्रिटन आणि अमेरिका त्यांच्या बाजूने. 8 डिसेंबर 1946 ला मतदान झालं. भारताच्या बाजूने 32, विरोधात 15, तटस्थ 7. दोन तृतीयांश बहुमत लागत होतं. पडलेली मतं 47, त्याचे दोन तृतीयांश काढले तर 32 लागतात, आणि बरोबर 32 च पडली होती! एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर ठराव पडला असता. विजयालक्ष्मींनी नंतर लिहिलंय की निघताना गांधीजींनी बजावलं होतं, स्मट्सशी वागताना आदर सोडायचा नाही, आणि म्हणून ठराव जिंकल्यावर त्या स्वतः स्मट्सकडे गेल्या, आपलं काही चुकलं असेल तर माफ करा म्हणाल्या. त्यांनी उत्तर दिलं की हा विजय पोकळ आहे, याने मी निवडणूक हरेन आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. 1948 मध्ये ते खरंच हरले आणि जे सत्तेवर आले त्यांनी वंशभेदाला सरकारी धोरण म्हणून अपार्थाइड हे नाव देऊन पक्कं केलं. म्हणजे स्मट्स तात्पुरते बरोबर ठरले असंही म्हणता येईल.

पण आपण ती गोष्ट सोडली नाही, आणि मला अभिमान वाटतो तो याचा. 1974 साली टेनिसच्या डेव्हिस कपमध्ये भारत फायनलला पोचला, विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते, समोर दक्षिण आफ्रिका. भारताने खेळायलाच नकार दिला आणि कप दक्षिण आफ्रिकेला गेला. खेळाडूंच्या जिवाला काय लागलं असेल विचार करा, आयुष्यात एकदा येणारी संधी, आणि ती दुसऱ्याच कुणाच्या तरी हक्कासाठी सोडायची. आजपर्यंत भारताने डेव्हिस कप जिंकलेला नाही. दक्षिण आफ्रिकेशी राजनैतिक संबंध परत सुरू झाले ते 1993 मध्ये, पुढच्या वर्षी मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. व्यापार तोडल्यापासून 47 वर्षं. सरकारं बदलली, पक्ष बदलले, पंतप्रधान बदलले, ही एक भूमिका बदलली नाही. सामायिक मूल्यं हा शब्द भाषणांत फार स्वस्त झालाय, पण एवढी वर्षं नुकसान सोसून धरलेल्या गोष्टीला तो शब्द वापरला तर मला चालतो.

आता कोरियाबद्दल, कारण खरं तर त्यासाठीच लिहायला बसलोय.

1950 मध्ये कोरियात युद्ध पेटलं, उत्तर कोरियाच्या बाजूने पुढे चीन उतरला, दक्षिण कोरियाच्या बाजूने अमेरिका. भारताने लढायला सैन्य पाठवलं नाही, 60 वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी पाठवली, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली, आणि मार्च 1951 मध्ये ही डॉक्टर मंडळी अमेरिकन पॅराट्रूपर्सबरोबर विमानातून उड्या मारून आघाडीच्या पलीकडे उतरली होती. पण खरा पेच युद्ध थांबवण्याच्या वेळी झाला. लढाई जवळपास जिथल्या तिथे अडकली होती आणि तह होत नव्हता तो युद्धकैद्यांवरून. अमेरिकेच्या बाजूकडे जे चिनी आणि उत्तर कोरियन कैदी होते त्यातल्या हजारोंना परत जायचं नव्हतं. चीन म्हणे सगळे परत द्या, अमेरिका म्हणे जबरदस्तीने कुणाला पाठवणार नाही. भारताने संयुक्त राष्ट्रांत मधला मार्ग मांडला, की कैदी तटस्थ देशांच्या ताब्यात द्या आणि त्यांचं मन काय आहे ते तिथे कळू द्या. डिसेंबर 1952 मध्ये तो ठराव पास झाला. रशियाने कडाडून विरोध केला, चीननेही तेव्हा नाकारला, पण जून 1953 मध्ये कैद्यांचा समझोता झाला तो बराचसा त्याच धर्तीवर आणि 27 जुलैला शस्त्रसंधी झाली.

मग प्रश्न आला की हे करणार कोण? पाच देशांचा आयोग नेमला, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्ष भारत. अध्यक्ष म्हणून लेफ्टनंट जनरल थिमय्या. कैद्यांची प्रत्यक्ष राखण करायला फक्त भारतीय सैन्य, पाच-सहा हजार जवान, आणि त्यांचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. थिमय्या आणि थोरात दोघंही जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत एकाच ब्रिगेडमध्ये आपापल्या पलटणींचे प्रमुख होते, दोघांनाही तिथे डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालेलं. म्हणजे ब्रिटिशांच्या झेंड्याखाली एकत्र लढलेली दोन माणसं आठ वर्षांनी स्वतःच्या देशाच्या झेंड्याखाली शांततेच्या कामाला गेली.

काम किती विचित्र होतं बघा. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी सांगून टाकलं की भारतीय सैनिकाने आमच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही. म्हणून आपले जवान जहाजाने इंचॉनला आले आणि तिथून हेलिकॉप्टरने उचलून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडले, हजारो माणसं, फेऱ्यांवर फेऱ्या. त्या छावणीला नाव दिलं हिंद नगर. तिथे ताब्यात आले साडेबावीस हजारांवर कैदी, बहुतेक कम्युनिस्टांकडे परत न जाऊ इच्छिणारे आणि भारताला कम्युनिस्टांचा दलाल समजणारे. छावण्यांत त्यांच्या आतल्या संघटना होत्या, त्यांचे पुढारी होते, आणि परत जायचं असं कुणी म्हणालं तर त्याला आतल्या आत मारहाण व्हायची. काटेरी तारांच्या आत हे सगळं चाललेलं आणि बाहेर आपले पहारेकरी, ज्यांना सांगितलेलं की होता होईल तो गोळी चालवायची नाही.

25 सप्टेंबर 1953 ला चिनी कैद्यांच्या एका आवारात दंगा झाला आणि मेजर ग्रेवाल या आपल्या अधिकाऱ्याला कैद्यांनी आत ओढून धरून ठेवलं. हातात दगड, दांडके, हजारोंचा जमाव आरडाओरडा करतोय. बळ वापरून सोडवायला गेलं तर ग्रेवाल मरणार आणि शेकडो कैदी मरणार, शस्त्रसंधीचं काय होईल सांगता येत नाही. थोरात मोजक्या लोकांना घेऊन स्वतः आत गेले, सेनापती असून. आत गेल्यावर त्यांनाही घेरलं. त्यांनी मग काय केलं तर पाहुण्याला चहा-सिगारेट विचारायची तुमच्यात पद्धत आहे ना, असं काहीतरी म्हणत बोलणं सुरू केलं. जमावाचा ताव उतरला, सिगारेट आली, चहा आला, आणि थोड्या वेळाने ग्रेवालांना घेऊन ते बाहेर आले. एक गोळी सुटली नाही. या धैर्यासाठी त्यांना अशोक चक्र वर्ग 2 मिळालं, ज्याला आता कीर्ती चक्र म्हणतात. शत्रू नसलेल्या माणसांपुढे नि:शस्त्र जाण्यासाठी मिळालेलं हे पदक, मला ते लढाईतल्या पदकाइतकंच मोठं वाटतं, थोडं जास्तच.

पुढे सगळं इतकं सरळ राहिलं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दंगलीत आपल्या पहारेकऱ्यांना गोळी चालवावी लागली, काही कैदी मेले. 90 दिवसांत प्रत्येक कैद्याला त्याच्या देशाच्या प्रतिनिधींनी समजावून सांगायचं असं ठरलेलं, ते काम बहुतेक झालंच नाही, कैदी बाहेर यायला तयार नसत. शेवटी परत आपल्या बाजूला गेले ते सहाशेच्या आसपास. राजकीय परिषद व्हायची होती तीही झाली नाही, तेव्हा जानेवारी 1954 मध्ये थिमय्यांनी उरलेले कैदी ज्यांनी ताब्यात दिले होते त्यांच्याकडे परत केले. दोन्ही बाजूंनी तक्रार केली. एक बाजू म्हणाली भारत त्यांना झुकता, दुसरी म्हणाली यांना झुकता. मला त्यातच त्या कामाचा प्रामाणिकपणा दिसतो. आणि 88 कैदी असे होते ज्यांना कुठल्याच कोरियात किंवा चीनमध्ये जायचं नव्हतं, ते आपल्या सैन्याबरोबर जहाजाने भारतात आले, पुढे बरेचसे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले. घर सोडलेल्या त्या माणसांना निदान काही काळ आसरा देणारा देश आपला होता, हे किती जणांना माहीत आहे?

कोरियामुळे भारताची किंमत वाढली हे नक्की. 1954 मध्ये जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातल्या देखरेख आयोगांचं अध्यक्षपद भारताकडे आलं, ते काही नुसत्या भाषणांवर आलेलं नाही. 1955 मध्ये इंडोनेशियात बांडुंगला आशिया-आफ्रिकेचे 29 देश परिषदेसाठी जमले. त्याच्या आठवडाभर आधी, 11 एप्रिलला, हाँगकाँगहून जकार्ताला निघालेलं एअर इंडियाचं काश्मीर प्रिन्सेस विमान बॉम्बस्फोटाने समुद्रात पडलं, 16 जण गेले. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय त्या विमानात असतील असा बॉम्ब ठेवणाऱ्यांचा अंदाज होता, ते नव्हते. विमानाचे कॅप्टन दामोदर काशिनाथ जठार, त्यांनी शेवटपर्यंत विमान हाताळून पाण्यावर उतरवायचा प्रयत्न केला, मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. मुत्सद्देगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सूट घातलेली माणसं आणि गोल टेबल येतं. त्याची किंमत कधी कधी अशा लोकांनीही मोजलेली आहे.

इथपर्यंत लिहून थांबलो तर मी अर्धंच सांगितलं असं होईल, कारण याच दहा वर्षांत काही गोष्टी आपल्याकडून वाईट झाल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर 1956 मध्ये एकाच वेळी दोन आक्रमणं झाली. इजिप्तमध्ये सुएझवर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल, आणि हंगेरीत रशियाचे रणगाडे. सुएझबद्दल भारत लगेच आणि मोठ्याने बोलला. हंगेरीबद्दल घुटमळला, आणि तिथे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या अशा ठरावाविरुद्ध भारताने कम्युनिस्ट गटाबरोबर मत दिलं. जयप्रकाश नारायण यांनी उघड टीका केली आणि ती रास्त होती. सार्वमताचा मुद्दा काश्मीरवर उलटेल ही भीती त्यामागे होती असं सांगतात, असेल, भीती खरीही असेल. पण बुडापेस्टच्या रस्त्यावर मरणाऱ्या पोरांना डर्बनच्या भारतीयांपेक्षा कमी हक्क नव्हते. पडद्याआड भारतीय राजदूतांनी तिथल्या काही कैद्यांसाठी रदबदली केली, त्यातले अर्पाद गोंट्स पुढे 1990 मध्ये हंगेरीचे अध्यक्ष झाले, हे खरं आहे आणि चांगलं आहे. तरी उघडपणे बोलायची वेळ आली तेव्हा आपण कमी पडलो.

आणि याआधीच, 1951 मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना परराष्ट्र धोरणावर नेमकं बोट ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सगळं जग आपलं मित्र होतं, चार वर्षांत आपण एकटे पडलो, आणि 350 कोटींच्या उत्पन्नातले 180 कोटी सैन्यावर जातात ते या धोरणामुळेच. त्यांचं सगळं पटो न पटो, मूल्यांचा हिशोब पैशात आणि मित्रांत मांडा ही मागणी करणारं माणूस तेव्हा मंत्रिमंडळातूनच बाहेर पडत होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे बाबासाहेबांची परराष्ट्र धोरणावरची मतं फार कमी वाचली जातात.

आता परत थोरातांकडे येतो. 1957 पासून ते ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते. ईशान्य सीमेवर चीनचा धोका किती आहे, किती सैन्य लागेल, आपण कुठे कमी पडू, याचा अहवाल त्यांनी 1959 मध्ये लिहून वर पाठवला, मार्च 1960 मध्ये लाल किला नावाचा लष्करी सराव घेऊन तेच दाखवून दिलं. त्यांनीच नंतर लिहिलंय की तो अहवाल संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी बाजूला टाकला. मे 1961 मध्ये थोरात निवृत्त झाले, ऑक्टोबर 1962 मध्ये युद्ध झालं आणि बरंचसं त्यांनी वर्तवलं होतं तसं घडलं. ज्या चीनसाठी आपण संयुक्त राष्ट्रांत वर्षानुवर्षं जागा मागितली, बांडुंगला ज्याची ओळख करून दिली, त्यानेच हे केलं. अलिप्त देशांपैकी आपल्या बाजूने स्पष्ट बोलणारे फार थोडे निघाले. सहा देश डिसेंबरमध्ये कोलंबोला जमले ते मध्यस्थी करायला.

म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही आहे. 1953 मध्ये दिल्लीतल्या मुत्सद्द्यांनी जो शब्द दिला तो कोरियाच्या थंडीत या माणसाने आणि त्याच्या जवानांनी पाळला. सहा वर्षांनी हाच माणूस लेखी सांगत होता की आपल्या स्वतःच्या सीमेवर शब्द पाळायला माणसं आणि तोफा पुरेशा नाहीत, तेव्हा कुणी ऐकलं नाही. लोक यावरून पटकन म्हणतात की आदर्शवाद फसला, मूल्यं वगैरे सोडा. मला ते पटत नाही. कोरियात मूल्यांच्या मागे सहा हजार शिस्तीचे सैनिक होते म्हणून ती टिकली, नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, ते पुरेसे नव्हते. यात मूल्यांचा काय दोष?

आपल्या संविधानाच्या कलम 51 मध्ये लिहिलंय की राज्याने आंतरराष्ट्रीय शांतता आणि सुरक्षितता वाढवायचा प्रयत्न करावा, राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य आणि सन्मानाचे संबंध राखावेत, आंतरराष्ट्रीय तंटे लवादाने सोडवायला उत्तेजन द्यावं. मार्गदर्शक तत्त्वांत आहे, कोर्टात जाऊन मागता येत नाही, तरी ते संविधानात आहे. 2022 पासून युक्रेनवरच्या ठरावांत भारत पुन:पुन्हा तटस्थ राहिला तेव्हा मला हे कलम आणि 1956 दोन्ही आठवलं. तटस्थ राहण्याला माझा विरोध नाही, रशियाकडून आपण शस्त्रं घेतो, तेल घेतो, कुणाच्या तरी दबावाने मत द्यायचं नाही ही स्वतंत्र देशाचीच गोष्ट आहे. प्रत्येक वेळी भारताने सनद आणि देशांचं सार्वभौमत्व यांचा उल्लेखही केला, म्हणजे हंगेरीच्या वेळेपेक्षा भाषा सुधारली आहे. पण आक्रमण कुणी केलं ते नाव घेऊन सांगायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. 1946 मध्ये निम्मा-अर्धा स्वतंत्र असलेल्या देशाने स्मट्स समोर बसलेले असताना नाव घेऊन सांगितलं होतं, आणि तेव्हा आपल्याकडे आजच्या मानाने गमावण्यासारखं कमी होतं असंही नाही, सगळंच तर पणाला लागलेलं होतं.

हिंद नगरची गोष्ट पाठ्यपुस्तकात यावी असं मला फार वाटतं. नववी-दहावीच्या पोरांना अलिप्ततावादाची व्याख्या नंतर द्या, आधी त्यांना सांगा की 1953 च्या सप्टेंबरमध्ये एक मराठी सेनापती कैद्यांच्या घोळक्यात गेला, का गेला, आणि तिथे त्याला कुणी पाठवलं होतं.